त्रेचाळीस नंबरचा दिवा

पिलनामआजी तिसऱ्यांदा ग्रंथालयात आल्या, तेव्हाही दासोमने त्यांना खोटंच सांगितलं.

"अजून लावून व्हायचंय, आजी. खोकी आली तशीच पडलीत," ती म्हणाली. बोलताना तिने संगणकाच्या पडद्यावरची नजर हलवली नाही. आजी ज्या वहीबद्दल विचारत होत्या ती वही पाठीमागच्या खोलीत, सहाव्या खोक्यात होती. दासोमने ती स्वतः ब्रशने झाडून पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवली होती. आजींना त्यातलं कुठलं पान हवं आहे, हेसुद्धा तिला ठाऊक होतं.

आजींनी हुज्जत घातली नाही. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांत जोर नाही, नाम्गोलहून तीन तास बसने यायचं आणि तीन तास परत जायचं. त्यांनी पिशवीतून एक अर्ज काढून टेबलावर ठेवला. जिल्हा कार्यालय खाणीत दगावलेल्या माणसांच्या नावाच्या पाट्या डोंगरावरच्या स्मारकात बसवणार होतं. जुन्या यादीत ज्यांचं नाव नाही, त्यांच्या घरच्यांनी पुराव्यानिशी अर्ज करायचा होता. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. आज सोमवार होता.

"मग कधी येऊ?" आजींनी विचारलं.

दासोमने फोन करते म्हणून सांगितलं आणि त्यांचा नंबर पुन्हा एकदा लिहून घेतला. आजी जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

दासोम बत्तीस वर्षांची होती. इतिहासात एम.ए., मग पीएच.डी., मिळून सात वर्षं ती याच विद्यापीठात होती. वडील शहर बसचे ड्रायव्हर, आई बाजारात भाज्या, लोणची, खारवलेले मासे विकायची आणि गिऱ्हाइकाला डबा भरून देताना 'आमची प्राध्यापक' म्हणून लेकीचा विषय हमखास काढायची. या प्राध्यापकबाईंनी दोन वर्षांपूर्वी विद्यावेतनाच्या अटीपायी ग्रंथालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात अर्धवेळ काम घेतलं आणि तिचं सगळं गणित फिरलं. प्रबंधाचं एक पान लिहायला तिला आठवडा लागायचा, आणि लिहिलेलं वाचलं की ते कुणासाठी लिहिलंय ते कळायचं नाही. इथे मात्र सकाळी दार उघडलं की दिवस कुठे जातो ते समजत नसे. कुठला कागद कुणाचा, तो कुठे ठेवायचा, उद्या एखादा अनोळखी माणूस तो शोधत आला तर त्याला कोणत्या शब्दाने सापडेल, याचा विचार करत ती दुपारचं जेवणही विसरायची. दीड वर्षापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी ती शिक्षणशास्त्र विभागात ग्रंथपालाच्या परवान्याचे वर्ग करत होती. डिसेंबरात शेवटची परीक्षा होती. हे तिने घरी सांगितलं नव्हतं, आणि तिचे गाइड ग्वाक सर यांना तर नाहीच नाही.

त्या वह्या ग्वाक सरांमुळेच आल्या होत्या. नाम्गोलच्या कोळसाखाणीत एक विधवा बाई दिव्यांच्या खोलीत कामाला होती. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येक माणसाला नंबराचा दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा, आणि कंपनीच्या रजिस्टरात खूण करायची, एवढंच तिचं काम. पण ही बाई घरी जाऊन स्वतःच्या वहीतही लिहायची. कंपनीच्या रजिस्टरात नाव असायचं ते कागदावरच्या माणसाचं, आणि बाईच्या वहीत दिवा खरोखर कोण घेऊन गेला त्याचं. त्या काळी एकाच्या नावावर दुसरा खाली उतरायचा, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बाई गेल्या वर्षी वारली. तिच्या मुलीने एकतीस वह्या ग्रंथालयाला दान केल्या. यादी करायचं काम दासोमकडे आलं.

उन्हाळ्यात सहाव्या खोक्यातली वही लावताना तिला ती नोंद सापडली. एकोणपन्नास वर्षांपूर्वी त्या खाणीत पाणी घुसलं होतं. सात माणसं गेली, सातही प्रेतं वर आली, पाचव्या दिवशी पाणी भरलेला बोगदा भिंत घालून बंद केला, असं सरकारी कागद सांगतात. बाईच्या वहीप्रमाणे त्या दिवशी आठ दिवे परत आले नव्हते. आठवा दिवा त्रेचाळीस नंबरचा. कागदावर तो 'जो' आडनावाच्या माणसाचा होता, पण हा जो त्या दिवशी घरी तापाने पडला होता. त्याच्या जागी उतरला होता गु मानसॉक. कागदावरचा जो जिवंत निघाल्यावर कंपनीचा हिशेब सातावर बसला, आणि मानसॉक दारूच्या गुत्त्यावरच्या बाईबरोबर समुद्राकडे पळून गेला, अशी आवई गावात उठवली गेली. तो पिलनामआजींचा नवरा.

आजींना हे अर्धवटच ठाऊक होतं. दिवेवाल्या बाईच्या मयताला त्या गेल्या, तेव्हा तिची मुलगी कानाशी लागून म्हणाली होती, की आई शेवटी-शेवटी तुमच्या माणसाबद्दल काहीतरी पुटपुटायची, तिच्या वह्या आता विद्यापीठात आहेत. तेवढ्या धाग्यावर ही बाई तीनदा शहरात आली होती.

आणि दासोमने पहिल्याच दिवशी ती नोंद ग्वाक सरांना धावत जाऊन दाखवली होती. सरांनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, की या खाणीवरचं माझं पुस्तक मार्चमध्ये येतंय, तोवर सहावं खोकं कॅटलॉगमध्ये चढवू नकोस. तिला तेव्हा त्यात काही गैर वाटलं नव्हतं. कुणी विचारत आलं नव्हतं तोवर ती नुसती दिरंगाई होती.

मंगळवारी सकाळी ती सरांच्या खोलीवर गेली.

ग्वाक सर एकसष्ट वर्षांचे. तरुणपणी खाणकामगारांसाठी मोर्चे काढताना पोलिसांनी त्यांचा डावा हात मोडला होता, तो अजून नीट वर जात नसे. दासोम त्यांच्याकडे आली ती त्या हाताची गोष्ट ऐकूनच. त्यांनी तिला बसायला सांगितलं, स्वतः उठून सातूचा चहा ओतला. तिने आजींची सगळी हकीकत सांगितली, अर्जाची, शुक्रवारची. ऐकून झाल्यावर सरांनी विचारलं,

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"लावून झालेलं नाही म्हणून."

"बरं केलंस." त्यांनी कप खाली ठेवला. मग ते समजावत राहिले. खाण बंद झाली तरी मालकांचे वारस आहेत, त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. एका कारकुनाच्या टेबलावर ही नोंद गेली की दुसऱ्या दिवशी कोर्टातून मनाई येईल, वह्या खोट्या आहेत म्हणतील, एकतीसच्या एकतीस सील होतील. पुस्तक छापून आलं की मग कुणाच्या बापाला ती दाबता येणार नाही. एका पाटीपेक्षा ते मोठं आहे. शिवाय पाट्या काय, पुढच्या वर्षी परत बसवतील.

यातलं काहीच वेडगळ नव्हतं. तरी दासोम म्हणाली, "सर, आजी सत्त्याहत्तरच्या आहेत. लोक अजूनही त्यांना पळपुट्याची बायको म्हणतात."

"एकोणपन्नास वर्षं थांबल्या ना? चार महिने जास्त."

सरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि आवाज न चढवता विचारलं, की संध्याकाळी ती कुठे जाते हे त्यांना कळणार नाही असं तिला वाटलं होतं का. शिक्षणशास्त्रवाल्यांबरोबर ते दर बुधवारी जेवतात.

"सात वर्षं मी तुला घडवतोय," ते म्हणाले, "आणि तुला दुसऱ्यांची पुस्तकं पुसत बसायचंय?"

"पुसत नाही बसत सर. ज्याला हवं त्याच्या हातात देते."

हे तिच्या तोंडून कसं गेलं ते तिलाच कळलं नाही. सर हसले, पण डोळे हसले नाहीत. डिसेंबरात तिच्या प्रबंधाची समिती बसणार होती आणि समितीचे अध्यक्ष तेच होते. त्याचा उल्लेख त्यांनी केला नाही, तशी गरजच नव्हती. एवढंच सांगितलं, की ती वही आता ग्रंथालयात सुरक्षित नाही. गुरुवारी सकाळी ते स्वतः येतील, तिने ती काढून ठेवावी. ग्रंथालयाच्या संचालकांशी ते बोलून घेतील.

संध्याकाळच्या वर्गात शिक्षक वर्गीकरणाचे आकडे सांगत होते आणि ती वहीत त्रेचाळीस, त्रेचाळीस असं लिहीत होती. आईचा फोन आला. थंडीची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायला शनिवारी घरी ये, दीडशे कोबी आणलेत, असं आई म्हणाली आणि ओघात विचारलं, की डिसेंबरात डॉक्टर होणार ना, शेजारणीला सांगून ठेवलंय. दासोम हो म्हणाली. आठवडाभरातलं तिचं हे दुसरं खोटं होतं.

बुधवारी तिने कागदपत्र विभागाच्या प्रमुख जूबाईंना गाठलं. जूबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, गळ्यात सतत चष्मा लोंबकळत ठेवणाऱ्या. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून दानपत्र काढून तिच्यापुढे धरलं. दिवेवाल्या बाईच्या मुलीने त्यात लिहून दिलं होतं, की वह्या ग्रंथालयाच्या झाल्या आणि मागेल त्याला त्या दाखवाव्यात.

"मग तुम्ही ती आजींना दाखवा ना, मॅडम," दासोम म्हणाली. "मला आता हे झेपत नाही."

जूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "जे कॅटलॉगमध्ये नाही ते मला दाखवता येत नाही. आणि जे कॅटलॉगमध्ये आहे ते लपवता येत नाही. नोंद चढवायचं काम तुझं आहे."

"सर माझं वाटोळं करतील."

"करतीलही," जूबाई म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही. "वीस वर्षांपूर्वी मीही एक खोकं असंच ठेवून दिलं होतं, कुणाच्या तरी सांगण्यावरून. तो माणूस परत आलाच नाही मागायला. ते खोकं अजून आहे आपल्याकडे." मग दानपत्र पुन्हा कपाटात ठेवून त्या आपल्या टेबलाकडे निघून गेल्या.

शुक्रवारी कागदपत्र विभाग बंद असायचा. म्हणजे जे काही करायचं ते गुरुवारी पाचच्या आत.

गुरुवारी दासोम आठलाच आली. दिवे लावले, खोलीतला दमटपणा तपासला, नेहमीची कामं नेहमीपेक्षा सावकाश केली. मग संगणक उघडून बसली. वही क्रमांक, वर्ष, पानं, लिहिणारीचं नाव. विषयाच्या रकान्यात तिने खाणीचं नाव टाकलं, पाणी घुसल्याची तारीख टाकली. व्यक्तिनामांच्या रकान्याशी तिचा हात अडखळला. क्षणभर वाटलं, नाव न टाकताही नोंद पूर्ण होते. नियमात तसं चालतं. मग तिने टाकलं, गु मानसॉक. बटण दाबलं तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. काहीच झालं नाही, पडद्यावर एक ओळ वाढली इतकंच.

मग तिने नाम्गोलला फोन लावला. "आजी, आजच या. पहिली मिळेल ती बस धरा. पाचला बंद होतं."

फोनमध्ये नुसता दार लोटल्याचा आवाज आला.

साडेदहाला ग्वाक सर आले. हातात चामडी बॅग, गळ्यात मफलर. वाचनकक्षात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. दासोम खुर्चीतून उठली आणि म्हणाली, की वहीची नोंद झाली आहे, बाहेर नेता येणार नाही, इथे बसून वाचायची असेल तर मागणीची चिठ्ठी भरावी लागेल.

सरांचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानशिलांपासून लाल होत गेला. ते काही बोलतील म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. भिंतीवरच्या नियमांच्या पाटीसमोर जाऊन त्यांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. परत येऊन चिठ्ठी घेतली, नाव, विभाग, वही क्रमांक, सगळं सुवाच्य अक्षरात भरलं.

"एका वेळी एकच वाचक, बरोबर?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"वाचक स्वतः परत करेपर्यंत."

"हो."

"मग मी पाचपर्यंत वाचतो."

आता तिच्या लक्षात आलं. तिच्याच नियमाची त्यांनी भिंत बांधली होती. वही काढून देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने ती आणून जुन्या वह्यांसाठीच्या उशीवर ठेवली, सरांनी खिडकीजवळचं टेबल धरलं आणि मफलर न सोडताच पान उलटलं. जूबाई आतून आल्या, सरांकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली, खाली सही केली. दासोमने त्यांच्याकडे आशेने पाहिलं. जूबाईंनी नकारार्थी मान हलवली. चिठ्ठी बरोबर होती.

सव्वाएकला पिलनामआजी आल्या. धावत आल्यासारखा श्वास लागला होता, डोक्यावरचा रुमाल एका बाजूला सरकला होता. दासोमने त्यांना पाणी दिलं आणि खाली मान घालून सांगितलं, की वही सापडली आहे, पण ते गृहस्थ वाचताहेत, त्यांचं झालं की मिळेल.

"किती वेळ वाचतील?"

"सांगता येत नाही, आजी."

आजी शेजारच्या टेबलाशी बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. दोन वाजले. अडीच वाजले. नाम्गोलची शेवटची बस पाच वीसला होती. त्याआधी वही हातात यायला हवी, जूबाईंनी प्रत काढून मुळाशी ताडून शिक्का मारायला हवा. ग्वाक सर पान उलटत नव्हते. गेला तासभर वही एकाच जागी उघडी होती. त्यांनी एकदा मान वर करून आजींकडे पाहिलं, वाचनकक्षातल्या कुठल्याही म्हातारीकडे पाहावं तसं, आणि पुन्हा खाली घातली. दासोमला वाटलं, जाऊन वही सरळ ओढून घ्यावी. तसं केलं असतं तर नियम तिनेच मोडला असता, सरांना हवं तेच झालं असतं. ती जागेवरून हलली नाही.

पावणेतीनला तिच्या मनात आलं, की नियम वही हिसकावू देत नाही, पण बोलायला कुठे मना करतो? ती उठून सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, या गु मानसॉक यांच्या पत्नी."

सरांचा पेन थांबला. त्यांच्या हस्तलिखितात काय लिहिलंय ते दासोमला माहीत होतं, तिनेच ते टाइप केलं होतं. 'पत्नीचा पुढे ठावठिकाणा लागत नाही.' त्यांनी शोधच केला नव्हता. हकीकत त्याशिवाय जास्त भेदक वाटत होती.

आजींनी नवऱ्याचं नाव ऐकलं होतं. त्या टेबलाला धरत उठल्या, चालत आल्या आणि विचारल्याशिवाय सरांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"तुम्ही शिकलेले दिसता," त्या सरांना म्हणाल्या. "मी पासष्टाव्या वर्षी गावच्या वर्गात अक्षरं गिरवली. छापील वाचते. हाताचं लिहिलेलं मला लागत नाही. त्यांचं काही असेल त्यात तर तेवढं वाचून दाखवा."

सरांनी मोडका हात टेबलाखाली घेतला.

"घाई नाही," आजी म्हणाल्या. "तुमचं चाललंय ते होऊ दे आधी."

दासोमला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं, की सर त्या वेळी उठून गेले असते तरी तिला नवल वाटलं नसतं. पण त्यांनी मफलर सोडून खुर्चीवर ठेवला, वही थोडी आपल्याकडे ओढली आणि वाचायला लागले.

"त्रेचाळीस. कागदावर जो. नेणारा गु मानसॉक, मागच्या ओळीतल्या घरांतला. जोला ताप. दिवा परत नाही."

आजी ऐकत होत्या. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"पुढे?"

"पुढच्या दिवसाचं आहे." सर थांबले. "त्रेचाळीसच्या बायकोला सांगायला निघाले. कोपऱ्यावर ऑफिसचा माणूस उभा होता. म्हणाला, तोंड उघडलंस तर उद्यापासून दिव्यांच्या खोलीत यायचं नाही. परत फिरले. मला तीन पोरं आहेत. तिच्या पोटात एक आहे."

दासोमला वाटलं होतं आजी रडतील, त्यासाठी ती रुमाल हातात धरून उभी होती. आजी रडल्या नाहीत.

"चार घरं सोडून राहायची ती," त्या म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता. "माझ्या बाळंतपणात तिने समुद्री शेवाळाचं सूप करून आणलं. दर सणाला मी तिला तांदळाचे लाडू पाठवत होते, अठ्ठेचाळीस वर्षं. मेल्यावर तिच्या फोटोपुढे डोकं टेकून आले." त्यांनी वहीकडे पाहिलं. "लिहायला हात वळला बयेचा. सांगायला जीभ नाही वळली."

"भीती होती त्यांना," सर हलकेच म्हणाले.

"मला नव्हती होय?" आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तुम्हाला कशाची भीती? दुपारपासून हेच पान उघडून बसलायत."

सरांनी वही मिटली नाही. ती उशीसकट उचलून दासोमच्या टेबलापर्यंत आणून ठेवली, चिठ्ठीवर परत केल्याची वेळ लिहिली, तीन वाजून पाच मिनिटं, आणि सही केली. मफलर खुर्चीवरच राहिला होता, तो घ्यायला परत गेले तेव्हा आजींना कमरेत वाकून नमस्कार केला. आजींनी मान वळवली नाही. जाताना ते दासोमपाशी क्षणभर थांबले.

"सोमवारपासून माझ्या खोलीवर येऊ नकोस," ते म्हणाले. रागाने नव्हे, थकून म्हणाले, आणि त्यामुळेच तिला कळलं की हे आता बदलायचं नाही.

जूबाईंनी दोन्ही पानांच्या प्रती काढल्या, मुळाशी अक्षर न् अक्षर ताडल्या, शिक्का मारला. आजींना पाच वीसची बस मिळाली. दासोम स्टँडपर्यंत गेली होती. बसच्या पायरीवर आजींनी वळून विचारलं, "सोमवारीसुद्धा होती ना ती वही?"

दासोम हो म्हणाली.

"वाटलंच मला," आजी म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या. काचेतून त्यांनी हात केला नाही.

पुढचं सरळ झालं असं नाही. शुक्रवारी जिल्हा कार्यालयातल्या कारकुनाने ही तर खाजगी वही म्हणून अर्ज परत केला. आजींची लेक तिथे दारात ठिय्या देऊन बसली, तेव्हा पावणेसहाला तो 'पडताळणीसाठी' म्हणून दाखल झाला. पडताळणीला हिवाळा गेला. वारसांच्या वकिलाचं पत्र ग्रंथालयाला खरोखरच आलं. सर त्याबाबतीत खोटं बोलले नव्हते. संचालकांनी जूबाईंना दोनदा बोलावून घेतलं, पण दानपत्र दानपत्र होतं. मधल्या काळात नाम्गोलची, आसपासच्या गावांची माणसं ती वही मागायला येऊ लागली, आणि जी गोष्ट आठ-दहा घरांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली ती बंद करणं वकिलालाही जड गेलं. फेब्रुवारीच्या अखेरीस दक्षिणेतल्या कुठल्याशा गावाहून जोच्या मुलाने, वडिलांच्या जागी मानसॉक उतरला होता, असा लेखी जबाब पाठवला. एप्रिलमध्ये मानसॉकच्या नावाची पाटी बसली. ग्वाक सरांचं पुस्तक उशिरा आलं, जूनमध्ये. त्यात पिलनामआजींचं संपूर्ण नाव होतं आणि त्यांचं म्हणणं चार पानं होतं. ते घ्यायला सर तीनदा नाम्गोलला गेले, दोनदा आजींनी दार उघडलं नाही, असं ऐकिवात आहे. ऋणनिर्देशात दासोमचं नाव नव्हतं.

प्रबंध तिथेच राहिला. विद्यापीठ सोडण्याच्या अर्जावर गाइडची सही लागते. दासोमने तो सरांच्या टपालाच्या खणात टाकला आणि तिसऱ्या दिवशी सही होऊन तो तिच्या टेबलावर आला, शेरा काही नाही. त्या संध्याकाळी खोलीचं दार लावून ती पोटभर रडली. सात वर्षं होती शेवटी.

त्याआधी, त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी, ती किमची घालायला घरी गेली होती. लाल तिखटाने कोपरापर्यंत हात माखलेले असताना तिने आईला सगळं सांगून टाकलं. आईने कोबीच्या पानांत मसाला भरणं थांबवलं नाही. मग म्हणाली, बाजारात मी आता काय सांगू? वडील म्हणाले, ग्रंथपाल म्हणून सांग, त्यात अवघड काय आहे. आईने त्यांना ते कोबी नीट पिळत नाहीत यावरून झापलं. दोन महिने ती लेकीशी कामापुरतंच बोलत होती.

दासोमला परवाना मिळाला. पहिल्या दोन मुलाखतींत अपुरी पीएच.डी. बघून लोकांनी भुवया उंचावल्या. तिसऱ्या वेळी किनाऱ्याकडच्या एका लहान गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात तिला जागा मिळाली. तिथे जुनी कागदपत्रं नव्हती. पाककृतींची पुस्तकं होती, शाळकरी पोरांची गर्दी होती, दुपारी उबेसाठी येऊन पेपर वाचता वाचता डुलकी घेणारे कोळी होते. पहिल्याच आठवड्यात एका बाईने काउंटरशी येऊन आवाज खाली आणत विचारलं, की नवऱ्यापासून सोडचिठ्ठी कशी घ्यायची याचं पुस्तक आहे का. आणि असलं तर ते घरी न नेता इथेच बसून वाचलं तर चालेल का. दासोमने तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. कपाटाशी जाऊन तिने तीन पुस्तकं काढली, मागच्या बाजूचं, दारातून न दिसणारं टेबल दाखवलं, आणि संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं असं सांगून आपल्या जागेवर येऊन बसली.